घरमालकाच्या घशात मुलांचा घास

अमेरिकेत गरिबाच्या ताटात किती वाढायचे हे ठरविताना शासन आधी त्याच्या उत्पन्नाचे माप घेते. १९६४ च्या फूड स्टॅम्प कायद्यातून उभी राहिलेली ही योजना २००८ पासून ‘स्नॅप’ या नावाने चालते. तिचे गृहीत असे की, वजावटीनंतरच्या उत्पन्नाचा ३० टक्के भाग कुटुंब अन्नावर खर्च करील. उरलेली तूट तेवढी सरकार भरील. घरभाडे व वीजबिल निम्म्या हिशेबी उत्पन्नाहून अधिक झाले, तर वरची रक्कम वजा होते. भाड्यात गेलेला पैसा पोटात जात नाही, एवढे कायद्याला कळते. परंतु हे शहाणपण मोजूनमापून आहे! घरात वृद्ध वा अपंग व्यक्ती नसेल, तर या वजावटीला मर्यादा आहे. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या वर्षात बहुतेक राज्यांत ती ७१२ डॉलर होती.

दोन मुलांच्या एखाद्या कष्टकरी मातेचा हिशेब मांडून पाहावा. मासिक पगार १,७५५ डॉलर, भाडे व वीज १,५००. मजुरीवरील २० टक्के सूट आणि २०४ डॉलरची सर्वसाधारण वजावट जाता उरले १,२००. भाडे त्याच्या निम्म्याहून ९०० ने जास्त. मान्य झाले ७१२. म्हणजे सरकारी कागदावर तिच्यापाशी ४८८ डॉलर आहेत. प्रत्यक्षात, करही न धरता, २५५! मर्यादा नसती तर तिला दरमहा सुमारे ५६ डॉलरचे अन्न अधिक मिळाले असते.

वॉशिंग्टनला हे ठाऊक नव्हते असे नाही. १९९३ च्या कायद्याने ही मर्यादा जानेवारी १९९७ पासून संपायची होती. १९९६ साली क्लिंटन यांच्या सहीने ‘कल्याण-सुधारणा’ अवतरली आणि मर्यादा कायम राहिली. सुधारणा कोणाची, हे अर्थातच विचारायचे नसते. जुलै २०२५ च्या कायद्याने तर इंटरनेटचा खर्च या वजावटीत धरण्याची वाटही बंद केली.

मर्यादा उठविली तर गरीब महागडी घरे घेतील, ही मखलाशी ठरलेलीच. जादा भाड्याच्या डॉलरमागे फार तर ३० सेंटांचे अन्न मिळते. उरलेले ७० सेंट पदरचे घालून चैन करणारा मजूर कोणी पाहिला आहे काय? मर्यादेपलीकडच्या भाडेवाढीत तर तेही ३० सेंट नाहीत. तेथे घरमालकाने वाढविलेला प्रत्येक डॉलर थेट मुलांच्या ताटातून जातो. वृद्धांच्या घरांना लागू असलेला नियम मुलांच्या घरांना लावावा, ही मागणी म्हणूनच किमान आहे. त्या ७० सेंटांसाठी लढा भाडेनियंत्रणाचाच द्यावा लागेल.