'निरपेक्ष' म्हणजे काय रे भाऊ?



मागच्या हिवाळ्यात आमच्यातल्या एकीला ताप आला. पुण्याहून आजीने फोनवर विचारले, "ताप किती आहे गं?" "एकोणचाळीस." आजी घाबरलीच! तिच्या थर्मामीटरवर ताप १०२ असतो. हिशेब केला, तर ३९ सेल्सिअस म्हणजे साधारण १०२ फॅरनहाइटच. ताप एकच, आकडे दोन.

यावरून वर्गात वाद झाला. मग खरे शून्य कोणते? पाणी गोठते तिथे सेल्सिअसचे शून्य, पण ते माणसाने सोयीसाठी ठरवलेले. म्हणून काल १० अंश होते आणि आज २० आहेत, तर आज दुप्पट गरम आहे असे म्हणता येत नाही. शिवाय पारा आणि अल्कोहोल सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे दोन थर्मामीटरांतही थोडा फरक पडतो.

१८४८ मध्ये ग्लासगो विद्यापीठातील प्राध्यापक विल्यम थॉमसन यांनी कोणत्याही एका पदार्थावर अवलंबून नसलेली मापनश्रेणी सुचवली. १८९२ मध्ये ते लॉर्ड केल्व्हिन झाले. हे नाव विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्व्हिन नदीचे. या श्रेणीचे शून्य म्हणजे उणे २७३.१५ सेल्सिअस. त्याखाली तापमान जातच नाही. १० सेल्सिअस म्हणजे सुमारे २८३ केल्व्हिन आणि २० म्हणजे २९३. दुप्पट कुठले, जेमतेम साडेतीन टक्के जास्त!

मात्र ही श्रेणी तापमान मोजते, उष्णता नव्हे. कपभर उकळता चहा टबभर कोमट पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो, पण गार होताना उष्णता जास्त देतो तो टबच. ती मोजतात ज्यूलमध्ये.

शाळेत आम्ही 'ॲब्सोल्यूट' हा शब्द नुसता पाठ केला होता. मराठीच्या बाईंनी सांगितले, याला 'निरपेक्ष' म्हणतात. 'याच्यापेक्षा गरम, त्याच्यापेक्षा थंड' यातला 'पेक्षा' हा 'अपेक्षा' या शब्दावरूनच आला आहे. निरपेक्ष म्हणजे ज्याला कशाच्या 'पेक्षा'ची गरज नाही ते! एका शब्दात सगळा धडा उलगडला. केल्व्हिनची व्याख्या २०१९ पर्यंत पाण्यावर टेकलेली होती. आता ती बोल्ट्झमन स्थिरांकावर आहे. त्याचे मोजमाप लंडनजवळ टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतही झाले होते. म्हणजे आता तो खराखुरा निरपेक्ष झाला.

काही पालक म्हणतात, "विज्ञान इंग्रजीतून शिका, मराठी घरापुरती आणि सणांपुरती पुरे." आम्हाला हे पटत नाही. सणांपुरती ठेवलेली भाषा सणांपुरतीच उरेल. आम्हाला दिवाळीचा निबंध आवडतो, पण महिन्यातून अर्धा तास मराठीतून विज्ञानही हवे आहे. त्याने शाळेचा अभ्यास बुडणार नाही, उलट सोपा होईल.

आपल्याला काय वाटते? पुढच्या अंकासाठी जरूर लिहून द्या.

आजीला मात्र "ताप ३१२ केल्व्हिन आहे" असे आम्ही कधीच सांगणार नाही!