ठाण्यात गेलेल्या बाईला परत पाठवू नका

नवऱ्याने मारले, बाई पोलीस ठाण्यात गेली आणि ‘घरचे भांडण घरी मिटवा’ असे ऐकून परत आली. ही गोष्ट आमच्या वस्त्यांना नवी नाही. परत आलेल्या बाईला दुप्पट मार बसतो. वर ‘ठाण्याची पायरी चढली’ म्हणून भावकीचे बोल ऐकावे लागतात.

यावर एक वाट 1984 साली मुंबईत निघाली. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. याच संस्थेचे संकुल आपल्या तुळजापुरात आहे. कक्षाची जागा पोलिसांची, पण आत बसणारी बाई पोलीस नव्हे, शिकलेली समाजकार्यकर्ती. ती आधी सगळे ऐकून घेते, तुला काय हवे ते विचारते. गुन्हा नोंदवायचा असेल तर अंमलदारासमोर सोबत उभी राहते. नवऱ्याला निरोप गेला की तो टाळत नाही, कारण निरोप पोलिसांच्या आवारातून आलेला असतो. नुसता पोलीस असता तर बाई बोलली नसती. नुसती कार्यकर्ती असती तर नवरा आला नसता. म्हणून दोघेही हवेत. पुढे राज्याच्या महिला व बालविकास विभागाने हे काम हाती घेतले आणि असे कक्ष मुंबईबाहेरच्या जिल्ह्यांतही निघाले.

कायदाही आता बाईच्या बाजूने आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. संरक्षण अधिकारी कोण, मोफत वकील कसा मिळतो, हे बाईला सांगणे पोलिसांचे कर्तव्य आहे. घर नवऱ्याच्या नावावर असले तरी तिला राहण्याचा हक्क आहे. कोर्टाचा संरक्षण आदेश नवऱ्याने मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आमच्या कळंब, वाशी, भूम, परंड्याकडची जोडपी ऊसतोडीला जातात. उचल कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायको दोघांवर मिळून असते. मार खाल्लेली बाई फड सोडून निघाली तर उचल कोण फेडणार, असे मुकादम विचारतो. म्हणून ती कोपीतच गप्प राहते. तिने एवढे ध्यानात ठेवावे: या कायद्याखाली अर्ज करायला गावीच यावे लागत नाही. जिथे ती तात्पुरती राहते तिथल्या न्यायाधीशांकडेही अर्ज करता येतो.

20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की बायकोने नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे, त्याची गुलाम होऊ नये. त्यांचा फोटो भिंतीवर लावून त्याच घरात बायकोवर हात उगारणाऱ्याला आम्ही काय म्हणावे?

बांधवांनो, शेजारच्या घरातून ओरडण्याचा आवाज आला तर दार वाजवा. 112 वर पोलीस व 181 वर महिला हेल्पलाइन मिळते. हे आकडे घराघरात लिहून लावा. आणि माता-भगिनींनो, महिला मंडळाने एवढे ठरवावे की ठाण्यात जाणारी बाई एकटी जाणार नाही. दोघीजणी सोबत जा, तक्रारीची प्रत मागून घ्या आणि तिला सुखरूप जागी पोहोचवूनच घरी परता.