गर्भिणीचे केशप्रसाधन आणि आपली जबाबदारी

‘आयुर्वेदिक आहे, मग गर्भिणीला चालेलच’ हे वाक्य औषधालयांत सर्रास ऐकू येते. ग्राहकाचा हा विश्वास आपली मोठी ठेव आहे. तिचा गैरवापर होऊ नये, असे आम्हांस वाटते.

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात गर्भिणीला काठोकाठ भरलेल्या तैलपात्राची उपमा दिली आहे. केशप्रसाधने निवडतानाही तीच दक्षता हवी. शुद्ध मेंदीचा रंग तांबूस-नारिंगी येतो. अल्पावधीत केस काळेभोर करणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त बहुधा पॅराफेनिलीनडायअमीन असते. त्वचेतून त्याचे शोषण अल्प होते व गर्भास अपाय सिद्ध झालेला नाही, हे खरे. परंतु तीव्र ॲलर्जी उद्भवल्यास गर्भावस्थेत चिकित्सेचे पर्याय मर्यादित राहतात. कापूर अपरा ओलांडून गर्भापर्यंत पोहोचतो. म्हणून कर्पूरप्रधान तेलांचा नित्य शिरोभ्यंग टाळावा. साधे तीळतेल वा खोबरेल आणि रिठा-शिकेकाई एवढे बहुतेकींस पुरेसे आहे.

प्रसूतीनंतर दोन-चार महिन्यांनी सुरू होणारी केसगळती बहुधा आपोआप थांबते. तिची भीती घालून महागडे तेल विकणे वैद्यधर्मास शोभत नाही.

औषधे नियम, १९४५ मधील नियम १६१ अन्वये आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्ये नमूद करणे बंधनकारक आहे. अशी यादी नसलेला माल औषधालय-चालकांनी गर्भिणीस देऊ नये. वैद्यांनीही नुसते ‘केशतेल’ न लिहिता तेलाचे नाव स्पष्ट लिहावे. चार बाटल्या कमी खपल्या तरी चालेल, परंतु शास्त्रावरील विश्वासास तडा जाता कामा नये.