तांबडीं अक्षरें वाचावींत

आमच्या कांहीं विद्यार्थ्यांचे घरीं जुन्या संगणकावर 'उबुंटू' ही मुक्त प्रणाली चालते. नवा प्रोग्राम बसवितांना पडद्यावर तांबडीं अक्षरें उमटलीं कीं मुलें गांगरतात, व पालक सारें पुसून प्रणाली पुन्हा घालावयास दुकानदारास सांगतात. त्यांत मुलांचे लेख, छायाचित्रें, सर्व जातें. हें आम्हांस अगदीं गैर वाटतें.

ही प्रणाली आपले प्रोग्राम ठराविक भांडारांतून आणते. त्यांचे पत्ते संगणकांतील एका यादींत असतात. उबुंटूच्या साधारण आवृत्तीस ९ महिने, व दर २ वर्षांनीं निघणाऱ्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीस ५ वर्षें दुरुस्त्या मिळतात. मुदत सरल्यावर कांहीं काळानें ती जुन्या भांडारांत हलवितात. यादींत पत्ता मात्र पूर्वीचाच! '४०४' हा आंकडा तेंच सांगतो. तेव्हां नवी आवृत्ती घ्यावी. कधीं यंत्रांतील बारीक सेल संपून घड्याळ कित्येक वर्षें मागें जातें. मग भांडाराची सूची 'अद्याप ग्राह्य नाहीं' असा शेरा येतो. तेथें तारीख सुधारली म्हणजे भागतें.

सर्वांत वाईट खोड म्हणजे परक्यानें दिलेली आज्ञा 'सुडो' लावून, न समजतां, टंकणें. 'सुडो' म्हणजे घराच्या सर्व किल्ल्या. भांडाराच्या सहीची तपासणीच बंद करा, असाही सल्ला कोणी देतात. तो मुळींच मानूं नये. मुंबईच्या आय.आय.टी.च्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमांत लिनक्सचे पाठ मराठींतही आहेत. पालकांनीं ते मुलांसह पाहावे. आणि वरणगांवांतल्या वरणगांवांत इतकें तरी करावें : दुकानीं जाण्यापूर्वी तीं तांबडीं अक्षरें कागदावर उतरून शाळेंत आणावींत. आम्ही मिळून वाचूं.