२१ जून झाला, आता उरलेल्या ३६४ दिवसांचं बोला

मंडळी, जरा स्पष्टच लिहितो.

योगाचा पदव्युत्तर डिप्लोमा करतो म्हटलं की आपल्याकडं लोक हसतात. "आसनं कराले डिप्लोमा कायले पाहिजे? मोबाईलवर पाहून होते की!"

गडबड इथंच आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत आसनावर जेमतेम तीन सूत्रं आहेत. हठप्रदीपिकेत आसनं सांगितली पंधराच. बाकीचा योग मोबाईलवाला शिकवत नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम उभारलं, ते योग विज्ञानाच्या कसोटीवर तपासायला. आपल्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर १९१४ पासूनचं.

दिवसभर वाकून निंदण करणाऱ्या बाईची कंबर धरली, तर तिला पुन्हा पुढं वाकवायचं का? बीपीवाल्या काकांना श्वास रोखायला लावायचा का? ग्रंथ, शरीररचना अन् सराव, तिन्ही शिकलेला माणूस आधी विचारपूस करतो, मग आसन सांगतो.

आपल्या गुरुकुंजात राष्ट्रसंतांनी सामुदायिक ध्यान-प्रार्थना रोजची घालून दिली, वर्षातून एकदाची नाही.

म्हणून शाळांना अन् ग्रामपंचायतींना एकच मागणं. २१ जूनला सतरंजी टाकून फोटो काढता, तसे शिकलेल्या पोरापोरींना आठवड्यातून दोन तास द्या. मानधन ठरवून द्या. 'सेवा आहे' म्हणत फुकट राबवू नका. त्यांनीही फी भरूनच शिक्षण घेतलं आहे.

तुमच्या गावच्या शाळेत काय चालू आहे, सांगा.