रूम मिळेल का हो?

फायनल इयरच्या प्रोजेक्टांची यादी कधी नीट वाचून बघा. अटेंडन्स सिस्टिम असते, लायब्ररी मॅनेजमेंट असतं (एवढ्या बॅचेसनी लायब्ररी मॅनेज केली, पण हवं ते पुस्तक काही वेळेवर मिळत नाही, असो!) आणि एखादं तरी 'युजर फ्रेंडली हॉटेल बुकिंग अ‍ॅप' असतंच असतं. डेमोच्या दिवशी ग्रेडियंटची स्क्रीन, गोल कोपऱ्यांची बटणं आणि डार्क मोड दाखवला की एक्स्टर्नल खूश, आपण खूश. यातला युजर कोण, हे मात्र कुणी विचारत नाही.

मला विचाराल तर युजर म्हणजे अ‍ॅडमिशनच्या राऊंडसाठी मुलीला घेऊन परक्या गावात येणारे वडील. त्यांना डार्क मोडशी काही देणंघेणं नसतं. त्यांचे प्रश्न दोनच. रूम मिळेल का हो? आणि सगळं मिळून किती द्यायचे? या दोन प्रश्नांची खरी उत्तरं जे अ‍ॅप देतं ते युजर फ्रेंडली. बाकीचं रंगकाम.

आता साधी तारखेचीच गोष्ट घ्या. हे वडील लातूरहून रात्रीच्या बसने निघाले आणि १५ तारखेला पहाटे साडेतीनला पुण्यात उतरले. अ‍ॅपने विचारलं, चेक-इन डेट? कुणीही १५च टाकणार. पण हॉटेलची १५ तारीख दुपारी बारा नाहीतर दोनला सुरू होते! तोपर्यंत बापलेकींनी रिसेप्शनच्या सोफ्यावर बॅगा मांडीवर घेऊन बसायचं. त्यांना खरं तर १४ची रात्र बुक करायला हवी होती, पण कॅलेंडरने तसं कुठे सांगितलं? बरं, एखाद्या हुशार माणसाने १४ टाकली, तर रात्री अकरापर्यंत गिऱ्हाईक आलं नाही म्हणून काऊंटरवाला ती रूम दुसऱ्याला देऊन मोकळा होऊ शकतो. त्याच्या लेखी हा 'नो शो'.

यावर उपाय काय? एकच जास्तीचा प्रश्न: पोचणार किती वाजता? पहाटेची वेळ आली की अ‍ॅपने स्वच्छ मराठीत सांगावं, "तुम्हाला १४च्या रात्रीची रूम लागेल," किंवा २४ तास चेक-आऊटवाली हॉटेलं वर आणावीत, आणि ती वेळ काऊंटरलाही कळवावी. कोड किती? फार तर वीस ओळी. पण आपल्याकडे 'कमीत कमी टॅपमध्ये बुकिंग' याचंच भारी कौतुक. एक टॅप वाचवून पहाटेचे साडेआठ तास सोफ्यावर घालवायला लावायचे, हा हिशोब माझ्या डोक्यात काही बसत नाही.

तीच गत अंतराची. आपण अक्षांश-रेखांश घेतो, हॅवरसाईनचा फॉर्म्युला लावतो आणि 'इतके किलोमीटर दूर' असं छापून टाकतो. कोकणात हे करून बघा. दाभोळ आणि धोपावे खाडीच्या समोरासमोरच्या काठांवर आहेत. फेरीबोटीने काही मिनिटांचं काम, गाड्यासुद्धा बोटीत चढतात. पण रात्री बोट बंद झाली की चिपळूणकडून मोठा वळसा घालावा लागतो. फॉर्म्युल्याला खाडी दिसत नाही आणि बोटीचं टाईमटेबलही ठाऊक नसतं. अंतर रस्त्याचं आणि त्या वेळेचं द्या, नाहीतर देऊच नका.

आणि पैसे? यूपीआयवरून पैसे कटले, अ‍ॅपवर चक्र फिरतंय, रूम मिळाली की नाही ते कळत नाही. त्या अर्ध्या मिनिटात माणसाचा जीव टांगणीला लागतो. घाबरून तो परत 'पे' दाबतो आणि दोनदा पैसे जातात. जेकब नील्सनने १९९४ साली इंटरफेसचे दहा नियम मांडले, त्यातला पहिलाच हा की सिस्टिममध्ये काय चाललंय ते युजरला दिसत राहिलं पाहिजे. "पैसे पोचले, हॉटेलच्या होकाराची वाट बघतोय, परत पैसे भरू नका." एवढं वाक्य पुरे. मागे एकाच बुकिंगसाठी पैसे दोनदा घेतलेच जाणार नाहीत अशी सोय हवी. शेवटची रूम एकाच क्षणी दोघांना जाऊ नये म्हणून लॉक हवं. डीबीएमएसच्या पेपरात ट्रान्झॅक्शनवर पानंच्या पानं लिहितो ना आपण, ते सगळं इथंच कामाला येतं. पण ते स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाही, म्हणून रिपोर्टमध्ये त्याला जेमतेम अर्धं पान!

एवढं करूनही लॉक आपल्या डेटाबेसला लागतं, काऊंटरवरच्या रजिस्टरला नाही. छोट्या लॉजवर फोनवरून बुकिंग घेणारा मॅनेजर हासुद्धा आपला युजरच. त्याला 'एक रूम गेली' हे एका बटणात टाकता आलं नाही तर तो टाकणार नाही, आणि आपलं अ‍ॅप खोटं बोलत राहील. तसंच 'लोकल आयडी चालणार नाही' हे काही लॉजवर दारात गेल्यावर कळतं. ते पहिल्या स्क्रीनवर यायला काय हरकत आहे?

आता ज्या गोष्टीचा मला खरोखर राग येतो ती. मोठ्या अ‍ॅपची नक्कल करताना आपली पोरं 'फक्त १ रूम शिल्लक!' हे लाल अक्षरसुद्धा उचलतात. मी एका प्रोजेक्टचा कोड वाचला, तो आकडा चक्क रँडम फंक्शनमधून येत होता! या फसवाफसवीला हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये 'डार्क पॅटर्न' असं नाव दिलं. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत असे १३ प्रकार नोंदवलेत. खोटी घाई त्यात आहे, आणि आधी कमी भाडं दाखवून शेवटच्या स्क्रीनवर फी चढवणंही आहे. युरोपात तर २०१९ च्या डिसेंबरमध्ये बुकिंग डॉट कॉमला युरोपियन कमिशनपुढे कबूल करावं लागलं, की 'शेवटची रूम' म्हणजे फक्त आमच्या साईटवरची शेवटची, हे आम्ही स्पष्ट लिहू. खरोखर एकच रूम उरली असेल तर जरूर सांगा, तो उपयोगच आहे. पण रँडम फंक्शन?

"अरे, कंपनीत गेल्यावर हेच करायला सांगतात," असं माझा रूम पार्टनर म्हणतो. सांगत असतीलही. पण इथे तर कुणी सांगितलेलं नाही, टार्गेट नाही, बॉस नाही. इथेही आपण स्वतःहून खोटा आकडा छापणार असू, तर तिकडे गेल्यावर कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

सर आणि मॅडमना एक विनंती. व्हायव्हामध्ये 'लँग्वेज कुठली वापरली' याच्या आधी 'कुणाकडून वापरून घेतलं' हे विचारा. नील्सनच म्हणतो की पाच माणसं पुरतात. मेसचे काका, वॉचमन मामा, कुणाची तरी आई, रेक्टर सर आणि एखादा फर्स्ट इयरवाला. फोन हातात द्यायचा आणि आपण तोंड बंद ठेवायचं. (हे सगळ्यात अवघड, दोन मिनिटांत 'काका, तिथे दाबा ना' तोंडून निघतंच.) काका जिथे अडले ती स्क्रीन चुकली, काका नव्हे.

पुढच्या महिन्यात डेमो आहेत. मी प्रत्येक हॉटेल अ‍ॅपवर जाऊन बसणार आहे. नाव, फोन नंबर काहीही टाकीन, पण पोचायची वेळ पहाटे साडेतीनच.