खिशातला राऊटर आणि गावाकडचं नेट

"फोनला हॉटस्पॉट नाही का तुझ्या? हा डबा कशाला वागवतोस?"

गावाकडे जाताना बॅगेत छोटा राऊटर दिसला की हा प्रश्न येतोच. विचारणारा आपल्याच क्षेत्रातला असेल तर जरा जास्तच कुत्सितपणे येतो. तर मंडळी, उत्तर आधीच देऊन टाकतो: हॉटस्पॉट आहे, आणि चांगला चालतो. एक माणूस, एक लॅपटॉप आणि तास-दोन तासांचं काम एवढाच मामला असेल तर त्याहून सोयीचं काही नाही. शनिवारी सकाळी नांदेडला उतरून रविवारी रात्री परतीची गाडी पकडणाऱ्यांनी यावर एक रुपयाही खर्च करू नये.

पण नोकरी पुण्यात किंवा हैदराबादेत, आईबाबा लातूर-नांदेडला, आणि आठ-दहा दिवस तिथूनच काम करायचं म्हणून जाणारे आता बरेच झालेत. २०२० मध्ये नाइलाजाने लागलेली सवय आहे ती. आता कंपन्या एकेक करून ऑफिसात परत बोलावतायत, आणि घरून काम करायची जी थोडीफार मुभा उरली आहे ती टिकवायची तर "सॉरी, माझं नेट गेलं होतं" हे वाक्य मिटिंगमध्ये फार वेळा म्हणून चालत नाही. दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत लोक समजून घेतात, तिसऱ्यांदा मॅनेजर तुमची सुट्टी मोजायला लागतो. वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला चार दिवस जास्त राहता येणार की नाही, हे कधीकधी इतक्या फालतू गोष्टीवर ठरतं. अशा माणसाने हा डबा घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त खोक्यावर लिहिलेल्या कारणांसाठी घेऊ नये. खोक्यावर लिहिलेलं असतं जलद, सुरक्षित, कुठेही. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द दिशाभूल करणारा आहे.

आधी वस्तू काय ते सांगतो. साबणाच्या वडीएवढी किंवा त्याहूनही लहान डबी. एका बाजूने ती मिळेल ते नेट घेते: लॉजचं वाय-फाय, भिंतीतली केबल, किंवा यूएसबी वायरीने जोडलेला फोन. दुसऱ्या बाजूने स्वतःचं वाय-फाय सोडते, आणि त्याचं नाव आणि पासवर्ड कायम तोच. म्हणजे लॅपटॉप, आईचा फोन, टॅबलेट, सगळे एकदाच जोडायचे, मग पलीकडचं नेट कितीही वेळा बदलो. टीपी-लिंकच्या साध्या डब्या दोन-तीन हजारांपासून मिळतात, जीएल-आयनेटच्या थोड्या महाग. या दुसऱ्यांमध्ये ओपनडब्ल्यूआरटीवर बेतलेलं सॉफ्टवेअर असतं. लिंक्सिसच्या त्या निळ्या-काळ्या डब्ल्यूआरटी५४जी राऊटरमध्ये लिनक्स वापरलं होतं, लोकांनी परवान्याचा आग्रह धरल्यावर २००३ मध्ये कंपनीला सोर्स कोड खुला करावा लागला, आणि त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. वीस वर्षांपूर्वीच्या त्या भांडणाचं फळ आज गंजगोलाईजवळच्या एखाद्या लॉजच्या टेबलावर लुकलुकत असतं, याची मला अजूनही गंमत वाटते. असो.

आता ‘जलद’चं बघू. आपल्याकडची म्हण यात सगळं सांगून जाते: आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? लातूरकरांना हे वेगळं सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणींमधून पाच लाख लिटर. शहरात नळ होते, पाइपलाइन होती, टाक्या होत्या. नव्हतं ते पाणी. राऊटर म्हणजे नळ. लॉजच्या वाय-फायला मुळात दोन एमबीपीएस येत असेल तर राऊटर त्याचे दहा करत नाही, उलट थोडे कमीच करतो. त्यातही एकच रेडिओ असलेली स्वस्त डबी घेतली तर तोच रेडिओ लॉजचं ऐकणार आणि तोच तुमच्याशी बोलणार, दोन्ही एकाच वेळी जमत नाही, म्हणून वेग निम्म्यावर येतो. दोन बँडवाली डबी घ्या म्हणतात ते यासाठी. २.४ गिगाहर्ट्झवर लॉजकडून घ्यायचं आणि ५ वर स्वतः वाटायचं.

मग फायदा काय? फायदा जागेचा आहे. नांदेडच्या एका लॉजवर वाय-फाय आहे का विचारलं तर मॅनेजर म्हणाले, "हाय की साहेब, पण खाली गल्ल्यापाशी येऊन बसावं लागंल. लई जण बसतेत." खोलीत लॅपटॉपला एक काडी दिसायची, तीही दार उघडं ठेवल्यावर. राऊटर पॅसेजकडच्या झरोक्यात ठेवला तेव्हा तिथे त्याला धड सिग्नल मिळाला, आणि मी आत पंख्याखाली बसलो. जुन्या घरांत तर हे फारच कामाचं. माळवदाच्या घराच्या दोन-दोन फुटी दगड-मातीच्या भिंती उन्हाळ्यात गारवा देतात, पण मोबाइलचे सिग्नल त्यांत अक्षरशः मुरतात. अशा घरात नेटसाठी माणूस जिन्यात किंवा गच्चीवर उभा असतो. एक जुना फोन डेटाचं सिम घालून खिडकीत ठेवायचा, तो वायरीने राऊटरला जोडायचा, की रेंज असेल तिथे फोन आणि सावली असेल तिथे आपण.

कुणी म्हणेल, खिडकीत ठेवलेल्या फोनचा हॉटस्पॉट चालू केला तर? थोडा वेळ चालतो. पण मे महिन्यात पारा चाळीशी ओलांडून बसलेला असताना चार्जिंगला लावलेला, हॉटस्पॉट चालू असलेला फोन तासाभरात इस्त्रीसारखा तापतो. मग तो चार्जिंग थांबवतो, नाहीतर वेग कमी करतो. वायरीने जोडला की निदान वाय-फाय वाटायचं काम तरी त्याच्या डोक्यावरून उतरतं. (आणि कुणीच जोडलेलं नाही असं वाटून हॉटस्पॉट आपोआप बंद पडण्याचा जो छळवाद असतो, तोही जातो.)

पण माझ्या मते खरं कारण आहे लाइट. खोक्यावर त्याबद्दल अवाक्षर नसतं, कारण खोकं छापणाऱ्यांच्या गावी लाइट जात नसावी. २००५ नंतरच्या काही वर्षांतलं भारनियमन ज्यांनी मराठवाड्यात काढलं त्यांना दिवसातून किती तास अंधार ते आठवत असेल. तशी परिस्थिती आता राहिलेली नाही, शहरात तर नाहीच. पण वळवाचा पाऊस आला, वारं सुटलं, की लाइट आजही जाते, आणि ती नेमकी मिटिंगच्या वेळी जाते. घरातला फायबरचा डबा बहुतेक वेळा बारा व्होल्टचा, तो पॉवरबँकेवर चालत नाही. राऊटरची डबी चालते पाच व्होल्टवर, साध्या यूएसबीवर. हिशेब करून बघा: दहा हजार एमएएचची पॉवरबँक म्हणजे कागदावर ३७ वॅट-तास, गळती वजा जाता पंचवीसेक हातात. लहान डबी तीनेक वॅट खाते. म्हणजे आठ तास, पुढच्या शिफ्टपर्यंत. फायबर मेलं की डबी फोनच्या डेटावर जाते, काही मॉडेलांत हे आपोआप होतं, लॅपटॉपला नवीन नेटवर्क शोधावं लागत नाही. कॉल चार-पाच सेकंद अडखळतो, एवढंच. नुसतं फायबर जिवंत ठेवायचं असेल तर त्या डब्यासाठी बारा व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो, तो आईबाबांच्या घरी कायमचा लावून टाका. राऊटर नाही घेतला तरी तो घ्याच.

‘कुठेही’बद्दल फार लिहीत नाही. लोहा-अहमदपूर-चाकूर रस्त्यावर धावत्या बसमध्ये किंवा पनवेल गाडीच्या वरच्या बर्थवर हा डबा काढून बसण्यात काही अर्थ नाही. जिथे फोन हरला तिथे फोनवरच चालणारा राऊटर काय करणार? स्टेशनवर मात्र उपयोग होतो, म्हणजे होऊ शकतो. रेलटेलचं वाय-फाय गुगलबरोबर जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला सुरू झालं, २०२० मध्ये गुगलने अंग काढून घेतलं, रेलटेलने ते चालू ठेवलं. नंबर द्या, ओटीपी टाका, पहिला अर्धा तास फुकट. राऊटर मध्ये घातला की पलीकडच्या यंत्रणेला एकच उपकरण दिसतं, त्यामुळे एकदाच ओटीपी टाकून घरचे चौघं नेट वापरू शकतात. लॉजवर ‘एका खोलीला दोनच डिव्हाइस’ असतं तिथेही हेच. (लॉगिनचं पान उघडतच नसेल तर राऊटरमध्ये आपण हौसेने घातलेला डीएनएस तात्पुरता काढून बघा, दहापैकी आठ वेळा तेच असतं.)

आणि इथूनच ‘सुरक्षित’चा प्रश्न सुरू होतो, ज्याबद्दल मला खरं तर लिहायचं होतं.

२६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. त्याचा माग लागला तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत. तिथे राहणाऱ्या परदेशी माणसाचं वाय-फाय कुणीतरी परस्पर वापरलं होतं. त्याचा कटाशी संबंध नव्हता, पण कॉम्प्युटर जप्त झाले, चौकशी झाली, नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत गेलं. पुढच्या दोन महिन्यांत तसेच ईमेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून गेले. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सूचना काढल्या की सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटवा, ओळखपत्राची प्रत ठेवा किंवा मोबाइलवर मेसेज पाठवून खात्री करा. आज प्रत्येक ठिकाणी ओटीपी मागतात, त्याचं मूळ तिथे आहे.

मग विचार करा, तुमच्या नंबरवर ओटीपी घेऊन तुम्ही राऊटर चालू केला, आणि त्याचा पासवर्ड ‘१२३४५६७८’. त्यामागे कोण काय करतंय ते पलीकडे दिसत नाही. पलीकडे फक्त तुमचा नंबर दिसतो. लोक विचारतात, हा डबा मला बाहेरच्यांपासून वाचवेल का? उलट प्रश्न कुणीच विचारत नाही, की आतल्यांच्या कर्तुकीचा धनी कोण?

लातूरच्या ट्युशन एरियात हे फार दिसतं. एका खोलीत चार-पाच पोरं, नीटची तयारी, घरमालकाचं नाहीतर एकाच पोराच्या नावावरचं कनेक्शन, आणि त्याला लावलेला एखादा स्वस्त राऊटर. पासवर्ड मजल्यावरच्या सगळ्यांना पाठ. हळूहळू मेसवाल्याच्या पोरालाही. पैशाच्या दृष्टीने मला यात काही गैर वाटत नाही, गावाकडून आलेल्या पोरांनी वाटून खाल्लं तर बिघडलं कुठे? पण ज्याच्या आधार कार्डावर कनेक्शन आहे तो सतरा-अठरा वर्षांचा आहे किंवा त्याचा बाप शेतकरी आहे, आणि काही भलतंसलतं झालं तर पहिला फोन त्या बापाला जाणार. त्या खोलीत राऊटर लावून देणाऱ्या भावाने, मामाने एवढं करावं: पासवर्ड लांब ठेवावा, दर सत्राला बदलावा, आणि राऊटरचं स्वतःचं अ‍ॅडमिन लॉगिन कारखान्यातून आलेलं तसंच ठेवू नये. पंधरा मिनिटांचं काम आहे.

बाहेरच्या चोरांचं म्हणाल तर भीती बरीच कमी झाली आहे. २०१० मध्ये फायरशीप नावाचं ब्राउझर एक्स्टेन्शन आलं, तेव्हा कॉफीशॉपमध्ये शेजारी बसलेल्याचं फेसबुक दोन क्लिकमध्ये उघडता यायचं. आज जवळपास प्रत्येक साइट एचटीटीपीएसवर आहे. लॉजच्या वाय-फायवरून बँकेचं काम केलं म्हणून पैसे गेले अशा गोष्टींपेक्षा फोनवर कुणाला तरी ओटीपी सांगितला म्हणून पैसे गेले, हेच आपल्या आजूबाजूला घडताना दिसतं, आणि त्यावर कुठलाही राऊटर चालत नाही. म्हणून खोक्यावरच्या ‘व्हीपीएन’ शब्दासाठी हजार रुपये जास्त मोजायचे असतील तर थांबा. ऑफिसचं व्हीपीएन लॅपटॉपवर असतंच, त्याच्या खाली आणखी एक फुकटचं व्हीपीएन घालणं म्हणजे लॉजवाल्याऐवजी कुणा अनोळखी कंपनीवर विश्वास ठेवणं. स्वतःच्या पुण्याच्या घरी वायरगार्ड लावून तिथे जोडायचं असेल तर उत्तम, पण आधी तपासा: आपल्याकडच्या बऱ्याच सेवा एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात, त्यामुळे बाहेरून घरात शिरताच येत नाही. आयपीव्ही६ दोन्हीकडे असेल तर वाट निघते. आणि कंपनीचे नियम वाचा, काही ठिकाणी घरचा राऊटर मध्ये घालायलाच मनाई असते.

शेवटी घेताना काय बघायचं ते: दोन बँड, यूएसबीतून फोन जोडायची सोय, पाच व्होल्टचा टाइप-सी, आणि निदान एक केबलचं पोर्ट. बॅगेत दीड-दोन मीटरची लॅन केबल टाका, जुन्या लॉजमध्ये भिंतीत कधीकाळी बसवलेलं पोर्ट पुष्कळदा जिवंत असतं आणि ते कुणीच वापरत नसतं. आणि राऊटरच्या गेस्ट नेटवर्कला आईला वाचता येईल असं साधं नाव द्या. आमच्याकडे ‘घर’ आहे. मी परत निघालो की ती त्याच दिवशी फोन करते, "अरे, ते घर दिसंना झालंय बघ फोनमध्ये."